विश्वरचनाशास्त्रज्ञाला पगार कशासाठी द्यायचा?

२० मे २०२५ रोजी विश्वरचनाशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचे पुण्यात निधन झाले. गोव्यात ते दिवस कॉलेज प्रवेशांचे होते. त्यामुळे त्यांच्यावरचे मृत्युलेख वाचता वाचता एक जुनाच वाद नव्याने पेटला. भौतिकशास्त्र घेऊन पुढे करायचे काय, आणि विश्व कसे निर्माण झाले असल्या प्रश्नांवर आयुष्य घालवणाऱ्याला जनतेच्या पैशातून पगार का द्यायचा? मी फोंड्यात बारावीला फिजिक्स शिकवतो, त्यामुळे हा वाद दरवर्षी माझ्या दारात येतो. ‘सर, हा फिजिक्स म्हणून बसलाय, तुम्हीच त्याला समजवा,’ असे सांगणारे वडील मला नवे नाहीत. त्या वर्षी मात्र त्यात एक भर पडली. विश्वाला सुरुवातच नाही असे सांगणाऱ्या ज्या सिद्धांताची नारळीकरांनी जन्मभर पाठराखण केली तो शेवटी पडलाच ना, मग एवढ्या कारकिर्दीतून हाती काय लागले, असे शिकलेसवरलेले लोक विचारू लागले.

प्रश्न रास्त आहे. वाद घालण्याची पद्धत मात्र दोन्ही बाजूंनी वाईट आहे. एक बाजू म्हणते, उपयोग दाखवा. दुसरी बाजू लगेच खिशातला मोबाइल काढते आणि जीपीएस, वायफाय अशी यादी म्हणून दाखवते. एक बाजू म्हणते, सिद्धांत चुकला. दुसरी म्हणते, एवढ्या मोठ्या माणसाबद्दल असे बोलू नये. यातले कोणीच कारकिर्दीचे मोजमाप नीट करत नाही. माझे म्हणणे असे: सैद्धांतिक विश्वरचनाशास्त्रज्ञाचे मोल त्याच्या कामातून निघालेल्या वस्तूंवर ठरवता येत नाही, आणि त्याचा सिद्धांत जिंकला की हरला यावरही नाही. त्याने इतरांना कोणत्या प्रश्नांची उत्तरे शोधायला भाग पाडले आणि स्वतः विचार करणारी किती माणसे मागे ठेवली, ही खरी मापे. या मापाने पाहिले तर गोव्यासारख्या लहान राज्याने आपल्या विद्यापीठात आणि कॉलेजांत सैद्धांतिक भौतिकीची कायम पदे भरणे ही चैन ठरत नाही. उलट आपल्या आवाक्यातले ते सर्वांत शहाणपणाचे काम आहे.

आधी आपल्याच बाजूचा दुबळा युक्तिवाद बाजूला ठेवतो. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार ती दुरुस्ती केली नाही तर नकाशावरचा ठिपका काही दिवसांतच कुठल्या कुठे भरकटेल, हे खरे आहे. पण ती किमया सापेक्षता सिद्धांताची. विश्वरचनाशास्त्राचा तिच्याशी संबंध लांबचा. वायफायच्या तंत्रात रेडिओ खगोलशास्त्रातून आलेल्या गणिताचा वाटा आहे, तोही दुर्बिणी चालवणाऱ्या आणि संकेत गाळणाऱ्या लोकांचा. कागदावर विश्वाच्या प्रसरणाची समीकरणे सोडवणाऱ्या प्राध्यापकाने हे श्रेय घेऊ नये आणि त्याच्या वतीने आपणही मागू नये. कारण उद्या कोणी विचारले की गेल्या वीस वर्षांत या माणसाच्या कामातून कोणते यंत्र निघाले, तर उत्तर ‘एकही नाही’ हेच असेल. उपयोगाच्या अंगणात खेळायला गेलो की हा सामना आपण हरलेलाच असतो.

विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा वेगळाच आहे आणि तो मला मान्य आहे. गोव्यातल्या कितीतरी शाळा-कॉलेजांत लेक्चर बेसिसवरचे शिक्षक वर्षानुवर्षे तासाच्या हिशेबाने पैसे घेऊन शिकवत आहेत. प्रयोगशाळेत साधने अपुरी असतात. २०१२ आणि २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा सत्तरी, सांगे, केपे, डिचोली या भागांतल्या घरांचे काय झाले ते आपण पाहिले आहे. अशा राज्यात आकाशगंगांच्या उगमावर विचार करण्यासाठी पगार द्या असे म्हणणाऱ्याला दुसऱ्या एका गरजेचे पैसे आपण इकडे वळवत आहोत याची जाणीव असायलाच हवी. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोचते आहे त्या घराला ‘ज्ञानासाठी ज्ञान’ ऐकवणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. त्या वडिलांची भीती खरी आहे. तिचे उत्तर द्यायलाच हवे आणि मी ते पुढे देणार आहे.

पण त्याआधी ‘चुकीचा सिद्धांत’ हे प्रकरण सविस्तर पाहू, कारण सगळा गैरसमज तिथे आहे. १९४८ मध्ये फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावते आहे, पण त्याला सुरुवात नाही; जुने पदार्थ दूर जातात तशी नव्या पदार्थाची थोडी थोडी निर्मिती होत राहते आणि कुठल्याही काळी, कुठूनही पाहिले तरी विश्व सारखेच दिसते. या मांडणीचा मोठा गुण असा की ती पडू शकत होती. दूरचे विश्व (तिथला प्रकाश पोचायला वेळ लागतो, म्हणजेच जुने विश्व) जवळच्यापेक्षा वेगळे आढळले की खेळ संपला. १९६१ मध्ये केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची मोजदाद पुढे करून तसे आढळल्याचा दावा केला. नारळीकर तेव्हा नुकतेच हॉइल यांचे संशोधन विद्यार्थी झाले होते आणि गुरूबरोबर प्रतिवाद उभा करण्याचे काम त्या वयात त्यांच्याकडे आले. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) प्रारण जाहीर केले. एकेकाळच्या अतितप्त विश्वाची ती राहिलेली ऊब होती. बहुतेक शास्त्रज्ञांच्या लेखी तिथे निकाल लागला.

मग मिळवले काय? मिळाले ते असे. विश्वाला तप्त आरंभच नसेल तर कार्बन, ऑक्सिजन, लोह ही मूलद्रव्ये शिजली कुठे? विश्वाची सुरुवात तप्त महास्फोटाने झाली असे मानणाऱ्यांना हा प्रश्न तितका टोचत नव्हता. सगळे सुरुवातीलाच झाले असे म्हणून त्यांना सुटका होती. हॉइल यांना ती सुटका नव्हती. म्हणून ते ताऱ्यांच्या पोटात शिरले. १९५७ मध्ये बर्बिज दांपत्य आणि विल्यम फाउलर यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला प्रबंध आजही त्या विषयाचा पाया मानला जातो. गोव्याने ज्या खनिजावर कित्येक दशके संसार केला त्यातले लोह ताऱ्यांच्या आयुष्यात आणि त्यांच्या स्फोटांत घडले, हे आपल्याला कळले ते एका हरलेल्या सिद्धांताच्या हट्टामुळे. याहून मला मोठी वाटते ती १९६४ ची गोष्ट. हॉइल आणि रॉजर टेलर यांनी विश्वात हेलियम इतका कसा, याचे गणित मांडले आणि ताऱ्यांना एवढा हेलियम बनवता येणार नाही, बहुधा पूर्वी कधीतरी अतितप्त अवस्था असावी, अशा निष्कर्षाशी येऊन पोचले. दुसरी एक वाटही त्यांनी उघडी ठेवली होती. तरीही आपल्याच सिद्धांताच्या विरुद्ध जाणारा पुरावा स्वतःच्या सहीने छापणे ही बौद्धिक सचोटी कुठल्या बाजारात विकत मिळते? आपल्या सार्वजनिक जीवनात, पक्षांत, पंथांत, नियोजनाच्या कागदांत, असे कोणी करताना शेवटचे कधी दिसले?

नारळीकरांबद्दल माझे मत मी लपवणार नाही. १९९३ पासून हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी स्थिर स्थितीचे जे सुधारित रूप मांडले, त्यात ते सूक्ष्मलहरी प्रारण समजावण्यासाठी अवकाशात विखुरलेले लोहाचे सुईसारखे कण गृहीत धरावे लागले. मला ते पटत नाही आणि बहुसंख्य शास्त्रज्ञांनाही पटले नाही. पुरावा जमत गेला तसे त्यांनी माघार घ्यायला हवी होती असे म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही. मला महत्त्वाचे वाटते ते त्यांनी हा हट्ट कुठे ठेवला आणि कुठे ठेवला नाही. १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था उभी राहिली तेव्हापासून २००३ पर्यंत ते तिचे संचालक होते. संस्था त्यांची, अधिकार त्यांचा, नेमणुकांत शब्दही त्यांचा. तरीही त्याच संस्थेत वरुण साहनी कृष्ण ऊर्जेवर, म्हणजे विश्वाचे प्रसरण वेगावणाऱ्या अज्ञात ऊर्जेवर, काम करत होते, तरुण सौरदीप त्याच सूक्ष्मलहरी प्रारणाच्या बारीक चढउतारांवर, थानू पद्मनाभन गुरुत्वाकर्षणावर आणि विश्वाच्या घडणीवर. म्हणजे संचालकांना न पटणारे विश्वचित्र संचालकांच्याच छपराखाली वाढत होते. आपल्याकडे संस्था चालवणाऱ्यांनी गुरुस्थानी बसून शिष्यांची मते कापून काढण्याची परंपरा किती खोल आहे ते पाहिले की या एका गोष्टीचे वजन कळते. सिद्धांत हरला. पण वेगळे मत बाळगणाऱ्यांना जागा देणारी संस्था उभी राहिली आणि टिकली. कारकीर्द मोजायची तर हे जमेच्या बाजूला मांडायचे की नाही?

यावर पुढचा आक्षेप येतो: तुम्ही नारळीकरांचे उदाहरण देता, पण असा माणूस पिढीत एखादा, बाकी शेकडो प्राध्यापक कोणी न वाचणारे निबंध छापतात, त्यांचे काय? छापल्या जाणाऱ्या निबंधांतले बरेचसे विस्मृतीत जातात, हे मला मान्य आहे. पण मोठे कोण ठरणार ते आधी कळते का? अमलकुमार रायचौधुरी कोलकात्यातल्या आशुतोष कॉलेजात शिकवत होते. पुढे एका संशोधन संस्थेत गेले तर तिथे त्यांना सापेक्षता बाजूला ठेवून धातूंच्या गुणधर्मांवर काम करायला लावले. उपयोगाचा आग्रह तेव्हाही होता. सांगितलेले काम करता करता त्यांनी आपला विषय सोडला नाही. १९५५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’त त्यांचे समीकरण छापून आले. वस्तुमानाच्या ओढीने प्रकाश आणि पदार्थ यांच्या वाटा एकमेकींकडे कशा झुकतात ते सांगणारे. दहा वर्षांनी रॉजर पेनरोज आणि पाठोपाठ स्टीफन हॉकिंग यांनी कृष्णविवरे आणि विश्वारंभ यांबद्दलची जी प्रमेये सिद्ध केली, त्यांच्या मुळाशी हीच समज आहे. पेनरोज यांना २०२० मध्ये नोबेल मिळाले. रायचौधुरी तेव्हा हयात नव्हते. त्यांची बहुतेक हयात प्रेसिडेन्सी कॉलेजात पदवीच्या मुलांना शिकवण्यात गेली होती. गुजरातेतले प्र. चु. वैद्य यांचेही तसेच. बनारसला विष्णु वासुदेव नारळीकरांच्या, म्हणजे जयंतरावांच्या वडिलांच्या, हाताखाली असताना १९४३ मध्ये त्यांनी प्रारण सोडणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाशकालाचे सूत्र काढले. त्यानंतर कितीतरी वर्षे ते गणिताचे मास्तरच होते. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव आहे. तेव्हा एखाद्या समितीने या दोघांचा ‘कामगिरी अहवाल’ मागितला असता तर काय शेरा पडला असता?

आणि आपल्या मातीतले दामोदर धर्मानंद कोसंबी? १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेला हा गणिती फर्ग्युसन कॉलेजात शिकवत असताना १९४४ मध्ये जनुकांमधले अंतर मोजण्याचे एक सूत्र लिहून गेला. पिकांच्या नव्या जाती काढणारे शास्त्रज्ञ जनुकांचे नकाशे आखताना आजही ते वापरतात. याच कोसंबींनी पुढे गणितातल्या एका अतिप्रसिद्ध न सुटलेल्या प्रश्नाची सिद्धता दिल्याचा दावा केला आणि तो टिकला नाही. १९६२ मध्ये त्यांचे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दिवस संपले. मग कोसंबींची कारकीर्द यशस्वी की अयशस्वी? ज्या गोव्यात त्यांच्या नावाने विचारांचा महोत्सव भरतो, त्या गोव्याने तरी हा प्रश्न असा दोन खणांत टाकू नये.

तरीही समजा, ज्याला नेमले तो ना रायचौधुरी निघाला ना वैद्य. एक साधा, प्रामाणिक, मध्यम वकुबाचा विश्वरचनाशास्त्रज्ञ निघाला. मग पगार वाया गेला का? इथे मी वर्गातली एक गोष्ट दाखवतो. फळ्यावर सोळा ठिपके काढायचे. विश्व काही मिनिटांचे असताना प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचे प्रमाण साधारण सातास एक उरले होते, असे आण्विक भौतिकी आणि तापमान यांचे गणित सांगते. म्हणजे सोळांपैकी चौदा प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. हेलियमच्या एका अणुकेंद्राला दोन न्यूट्रॉन आणि दोन प्रोटॉन लागतात. ते चार ठिपके वर्तुळात घ्यायचे. उरले बारा प्रोटॉन, म्हणजे बारा हायड्रोजन. सोळांत चार, म्हणजे वस्तुमानाने पंचवीस टक्के हेलियम. आणि आकाशातल्या सर्वांत जुन्या, कमी मिसळण झालेल्या वायूत दुर्बिणींना हेलियम सापडतो तो जवळजवळ तितकाच. बारावीच्या मुलाला हे खडूने, पाच मिनिटांत, दाखवता येते. ठिपक्यांचा शेवटचा हिशेब जुळतो तेव्हा मागच्या बाकावरची कुजबूज थांबते, आणि ‘सातास एक कशावरून?’ हा प्रश्न बहुधा तिथूनच येतो.

त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मात्र वर्गात असा माणूस लागतो ज्याने ते गणित स्वतः केले आहे. न्यूट्रॉनचा क्षय, उष्मागतिकी, सांख्यिकी भौतिकी, सापेक्षता हे सगळे एका ठिकाणी आणणारे विषय थोडे आहेत. विश्वरचनाशास्त्र त्यांपैकी एक. म्हणून या विषयात रोज डोके घालणारा प्राध्यापक पदवीच्या वर्गाला उष्मागतिकी शिकवतो तेव्हाही ती वेगळी असते. गाइडमधली सोडवलेली उदाहरणे फळ्यावर उतरवणारा आणि आज सकाळी स्वतःच एका समीकरणापाशी अडलेला, या दोन शिक्षकांतला फरक मुलांना पहिल्या आठवड्यात कळतो. संशोधन हे अध्यापनाला लावलेले कुंकू आहे अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात अध्यापनाला रक्त पुरवते ते संशोधनच. ते तोडले की मराठी, इंग्रजी, कोणत्याही माध्यमात शिकवा, उरते ती घोकंपट्टी.

आता त्या वडिलांकडे येतो. त्यांची भीती विज्ञानाची नाही. फिजिक्समध्ये एमएस्सी करून, नेट-सेट होऊन, पीएचडीला पाच-सहा वर्षे घालवून मुलगा पस्तिशीला लेक्चर बेसिसवर तासाचे पैसे मोजत बसेल, ही ती भीती आहे. आणि ती आपण निर्माण केली आहे. मूलभूत विज्ञानाला पैसे घालू नका म्हणणारे याच परिस्थितीकडे बोट दाखवतात. पण पदे न भरल्यामुळे आलेली परिस्थिती हा पदे न भरण्याचा पुरावा कसा होईल? सहायक प्राध्यापकाचा सुरुवातीचा मूळ पगार महिन्याला ५७,७०० रुपये आहे, त्यावर भत्ते. सैद्धांतिक माणसाला याशिवाय लागते एक खोली, फळा, संगणक, इंटरनेट आणि वर्षातून एक-दोन प्रवास. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्राने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. माझा त्या प्रकल्पाला मनापासून पाठिंबा आहे. पण गोव्यात आपण जे मागतो आहोत ते त्या पातळीवरचे नाहीच, हे आकड्यांनी समजून घ्यायला हवे. शाळेची प्रयोगशाळा की सैद्धांतिक भौतिकीचे पद, असा पेच उभा करणाऱ्याने या दोन्हींचा खर्च एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावा. दोन्ही परवडतात.

गोव्याच्या आकाराचा मुद्दा तर उलट आपल्याच बाजूचा आहे. इथे जमीन कमी आणि तिच्यावरचे ताण जास्त. २०१६ पासून फर्मागुडीत तात्पुरत्या जागेत भरणाऱ्या आयआयटीला कायम जागा देण्यावरून काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. जानेवारी २०२१ मध्ये शेळ-मेळावलीच्या लोकांनी आपली जमीन राखली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. मला त्या गावकऱ्यांचे चुकले असे वाटत नाही. आपल्याकडे मोठी दुर्बीण बसवण्याजोगे कोरडे, अंधारे आकाश नाही. पावसाळ्याचे चार महिने तर ढगांतच जातात. ज्या विज्ञानाला जमीनही लागत नाही आणि आकाशही लागत नाही, ते सैद्धांतिक. लहान प्रदेशाने मोठे काही करू नये हा न्यूनगंड आपल्या इतिहासाला शोभत नाही. १८४२ मध्ये पणजीत वैद्यकीय शाळा निघाली आणि तिथे शिकलेले गोमंतकीय डॉक्टर मोझांबिक, अंगोलापर्यंत जाऊन रोगी तपासत होते. १६१८ चे धूमकेतू गोव्यातून पाहून जेझुइट पाद्र्यांनी त्यांची नोंद युरोपात छापली. पणजीच्या जुंता हाऊसच्या गच्चीवरून हौशी खगोलप्रेमींनी कितीतरी वर्षे लोकांना शनीची कडी दाखवली. आणि भारतातली गुरुत्वाकर्षण व विश्वरचनाशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषदांची मालिका सुरू झाली तीही डिसेंबर १९८७ मध्ये, गोव्यातच. २०११ मध्ये ती पुन्हा इथे आली. जगभरचे विश्वरचनाशास्त्रज्ञ आपल्याकडे येऊन व्याख्याने देतात, समुद्र पाहतात, जातात. त्यांच्यातल्या एखाद्याला ताळगावच्या पठारावरच्या विद्यापीठात किंवा मडगावच्या कॉलेजात कायमची खुर्ची द्यावी असे आपल्याला का सुचू नये?

एक अडचण मात्र खरी आहे. सैद्धांतिक माणूस एकटा पडला की सुकतो. त्याला वाद घालायला माणसे लागतात आणि लहान ठिकाणी ती नसतात. रायचौधुरींनीही हा एकाकीपणा भोगला. पण आज परिस्थिती तीच नाही. १९९१ पासून नवे शोधनिबंध इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. केंब्रिजमध्ये जे आज सकाळी वाचतात ते फोंड्यातही वाचता येते. आणि आयुकेची मूळ कल्पनाच अशी की विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांनी तिथे सहयोगी म्हणून येऊन राहावे, ग्रंथालय आणि संगणक वापरावेत, चर्चा कराव्यात आणि आपापल्या गावी परत जाऊन शिकवावे. पणजीहून रात्रीच्या बसने निघालेला माणूस सकाळी पुण्यात असतो. झुआरीनगरला बिट्स आहे, फर्मागुडीला आयआयटी. दोन्हीकडे भौतिकी शिकवणारी उत्तम माणसे आहेत. अडते ते कुठे? कॉलेजातल्या शिक्षकाला सुटी मिळण्याशी अडते. परीक्षेची ड्युटी, निवडणुकीची ड्युटी, नॅक मूल्यांकनाचे कागद, नव्या शैक्षणिक धोरणाचे तक्ते यातून संशोधनासाठी महिनाभर सोडायला प्राचार्य तयार नसतात, कारण त्यांच्याजागी शिकवायला कोणी नसते. पुन्हा तेच, पदे.

याहून अवघड आक्षेप भौतिकीच्या आतून येतो. आजचे विश्वरचनाशास्त्र अनेक विश्वांसारख्या अशा कल्पनांत रमले आहे की ज्या कधी तपासताच येणार नाहीत. मग ते विज्ञान तरी राहिले का? या टीकेतला बराच भाग मला मान्य आहे. पण तो या शास्त्राचा एक कोपरा झाला. १९९८ मध्ये दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या निरीक्षणांतून विश्वाचे प्रसरण वेगावते आहे असे दिसले आणि पाठ्यपुस्तके बदलली. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे, त्यातला आपल्या ओळखीचा पदार्थ जेमतेम पाच टक्के, हे आकडे निरीक्षणांनी बांधलेले आहेत. प्रसरणाचा वेग दोन पद्धतींनी मोजला तर उत्तरे जुळत नाहीत, हा वाद आजही चालू आहे. २०२४ आणि २०२५ मध्ये डेसी या प्रकल्पाने लाखो आकाशगंगांची मोजदाद मांडली तेव्हा कृष्ण ऊर्जा स्थिर नसून काळानुसार बदलत असावी असा संशय पुढे आला. तो टिकेल किंवा टिकणार नाही. पण जे शास्त्र आपला सर्वांत प्रस्थापित सिद्धांत दर दोन वर्षांनी नव्या आकड्यांसमोर उभा करते, त्याला तपासणीचे वावडे आहे असे कसे म्हणता येईल?

आणि तपासणीची ही सवय प्रयोगशाळेच्या बाहेर येते. २००८ मध्ये नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतल्या कार्यकर्त्यांबरोबर दोनशे मुलांच्या कुंडल्या ज्योतिष्यांपुढे ठेवल्या. निम्मी मुले हुशार, निम्मी मतिमंद. कोणती कुंडली कोणाची ते कुंडलीवरून सांगा, एवढीच मागणी. उत्तरे नाणे उडवून मिळाली असती त्यापेक्षा चांगली आली नाहीत. ज्योतिषावर चिडलेली भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यातून कोणाचे मत बदललेले पाहिले नाही. हा प्रयोग मात्र वर्गात सांगितला की मुले स्वतःच विचारतात, नमुना पुरेसा होता का, ज्योतिष्यांना आधी काही माहीत होते का. हे प्रश्न विचारणारी मुले मला गोव्याच्या पंचायतींत, बँकांत, इस्पितळांत, सचिवालयात हवी आहेत. विश्वरचनाशास्त्रज्ञ त्यांच्यातला एखादाच होईल, तेवढे पुरे.

शेवटचा आक्षेप नेहमीचा: शिकवा, मोठे करा, आणि ती मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशी निघून जातील. जातील. नारळीकरही केंब्रिजला गेले होते. १९७२ मध्ये परतले ते टाटा संस्थेत त्यांच्यासाठी जागा होती म्हणून. परतल्यावर सही मागणाऱ्या शाळकरी मुलांना ते सांगत, सही नको, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर पाठवीन आणि त्याखाली सही असेल. मराठीत त्यांनी इतके लिहिले की २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे चालत आले. परतणाऱ्याला उभे राहायला जागा असेल तर असे घडू शकते. आपल्या मुलांसाठी ती जागा ठेवली आहे का, एवढेच मला सरकारला आणि विद्यापीठाला विचारायचे आहे. प्रवेशांच्या पुढच्या हंगामाआधी सैद्धांतिक भौतिकीच्या दोन-तीन पदांची जाहिरात निघावी, पदे कायम असावीत, आणि नेमलेल्या माणसाला वर्षातून एक महिना पुण्याला जायची मुभा नेमणूकपत्रातच लिहून द्यावी. मग त्या वडिलांना मी काय सांगायचे ते मला कळेल.